घट्ट झालं का?

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना," असं मॅगझिन कमिटीतली सीनियर म्हणाली तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. तिला दुसरंच कुणीतरी हवं असणार! माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे घरी बोलायची भाषा, आजीच्या हाका, आणि दहावीला टक्केवारी खाली ओढणारा पेपर. ऱ्हस्व-दीर्घ आणि माझं कधी पटलंच नाही. तेव्हा चुका दिसल्या तर वाचकांनी त्या पोटात घालाव्यात, ही पहिल्याच परिच्छेदात विनंती.

रात्री रूममेटने विचारलं, "विषय काय घेतलास?" मी म्हटलं, "क्लॅम्पिंग लिव्हर." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात तसाच थांबवून म्हणाली, "म्हणजे? यकृताचं ऑपरेशन?" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप आली. रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिनेच सांगितलं, "अगं, त्या लीव्हरला मराठीत तरफ म्हणतात. शाळेत होता की आम्हाला तो धडा. टेकू, भार, बल." तरफ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला फक्त हिंदी सिनेमातली "उस तरफ" माहीत!

तर ही गोष्ट एका तरफेची आहे. मशीनवर एखादी वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या साध्या दांड्याची. आणि त्या दांड्यामुळे मी जे खोटं बोलले, त्याचीही.

आपल्या वर्कशॉपमध्ये जाऊन नीट पाहिलंत तर हे दांडे जिकडेतिकडे आहेत. लेथच्या टेलस्टॉकला एक दांडा, तो ओढला की टेलस्टॉक बेडला घट्ट बसतो. टेलस्टॉकच्या स्पिंडलला वेगळा छोटा दांडा. टूलपोस्टच्या डोक्यावर एक. मिलिंग मशीनचं नी वरखाली करून झालं की ते लॉक करायला एक. ड्रिलिंग मशीनचं टेबल कॉलमवर हवं तिथे थांबवायला एक. व्हाइसचा दांडा तर सगळ्यांनाच माहीत. याला वर्कशॉपमध्ये कुणी क्लॅम्पिंग लीव्हर म्हणत नाही. "हँडल मार", "हँडल आवळ", संपलं. परीक्षेत लेथची नीट अँड क्लीन आकृती काढताना आपण हेडस्टॉक, कॅरेज, लीड स्क्रू सगळ्यांना बाण दाखवून नावं देतो. या दांड्याला मात्र कुणी बाणसुद्धा देत नाही. कारण तो काही कापत नाही, काही फिरवत नाही. त्याचं काम एकच, हलू न देणं.

मी मेकॅनिकलला आले तेव्हा आमच्या वर्गात आम्ही चार मुली होतो. "ही काय मुलींची ब्रँच आहे का?" हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता मोजणं सोडलं. एका काकूंनी तर आईला विचारलं होतं, "म्हणजे ती पुढे गॅरेज काढणार का?" मला राग यायचा. पण त्याहून जास्त राग यायचा तो वर्कशॉपमध्ये. चक की लावायची असो, व्हाइस आवळायचा असो, बॅचमधला कुणीतरी पुढे यायचा आणि म्हणायचा, "दे इकडे, मी आवळतो. तू रीडिंग लिही." चांगल्या मनानेच म्हणायचे, हे मान्य आहे. पण पूर्ण सेमिस्टरभर मी रीडिंगच लिहीत होते. माझं जर्नल वर्गात सगळ्यात सुंदर आणि माझे हात सगळ्यात स्वच्छ!

सेकंड इयरला पहिल्या सेमिस्टरमध्ये ड्रिलिंगचा जॉब होता. दहा मिलिमीटर जाडीचा एम.एस. फ्लॅट, त्यात बारा मिलिमीटरची चार भोकं. माझा पार्टनर (नाव छापू नकोस असं त्याने बजावलंय) सवयीप्रमाणे व्हाइसच्या हँडलकडे वळला. मी म्हटलं, "आज मी आवळणार." आवळलं. हात लाल होईपर्यंत आवळलं. त्याने विचारलं, "घट्ट झालं का?" मी म्हटलं, "हो."

झालं नव्हतं. मला कळत होतं की अजून थोडं फिरायला हवं. पण "नाही" म्हटलं असतं तर हँडल पुन्हा त्याच्या हातात गेलं असतं. त्यात आमचा व्हाइस टेबलला बोल्ट लावून बसवलेलाच नव्हता. घाईत सगळेच तसं करायचे. पार्टनरने एका हाताने व्हाइस धरून ठेवला होता. तीन भोकं व्यवस्थित पडली. चौथ्याला ड्रिलचं टोक खालून बाहेर पडायला लागलं आणि त्याच क्षणी जॉब जबड्यातून सुटला, ड्रिलला अडकून गरकन फिरला. पार्टनरचा हात बाजूलाच होता. फ्लॅटची कड त्याच्या तळहाताला लागली. तीन टाके पडले.

भोक आरपार जातानाच असं का होतं, हे मी नंतर वाचलं. तोपर्यंत ड्रिलच्या खाली धातू असतो, तो ड्रिलला वर रेटत असतो. टोक बाहेर पडलं की तो विरोध एकदम कमी होतो, आपण मात्र फीड तेवढ्याच जोरात देत राहतो. मग ड्रिलच्या धारा उरलेल्या पातळ कडेत एकदम जास्त घुसतात आणि जॉबला स्वतःबरोबर फिरवायला बघतात. म्हणजे पकडीची खरी परीक्षा शेवटच्या मिलिमीटरला असते. तीन भोकं सुखरूप पडली म्हणून पकड घट्ट होती असं अजिबात नाही.

सर धावत आले. "काय झालं?" पार्टनर हात दाबून उभा होता. मी बोलले, "सर, ड्रिल बोथट होतं." का बोलले? खरंच सांगते, ठरवून नाही. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर परत आत गेलं नाही. पार्टनर माझ्याकडे बघत राहिला, पण काही म्हणाला नाही. अपघाताच्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं गेलं. ड्रिल बोथट.

सगळे गेल्यावर वर्कशॉपमधले मामा मशीनपाशी आले. आपल्यापैकी बहुतेकांना मामा माहीत आहेत. खाकी शर्ट, खिशात सहा इंची स्टील रूल, कानाच्या मागे पेन्सिल. जॉब सुटला तरी व्हाइसचं हँडल मी सोडलं होतं तिथेच होतं. मामांनी ते टोकाला धरून एका हाताने फिरवलं. पाऊण फेरा सहज फिरलं. ते म्हणाले, "ताई, घट्ट झालं का, हे आधी विचारायचं असतं. नंतर नाही." एवढंच. सरांना काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात टर्न संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "आवळून दाखव," म्हणाले. मी आवळलं. ते हसायला लागले. आता ऐका, कारण ही चूक करणारी मी एकटी नाही. व्हाइसचा दांडा स्क्रूच्या डोक्यातल्या भोकातून इकडून तिकडे सरकतो. मी तो बरोबर मधोमध ठेवला होता, आणि वर अर्ध्या दांड्याच्याही मध्येच धरत होते. म्हणजे वीस सेंटीमीटरच्या दांड्यातले मी वापरत होते जेमतेम सहा-सात. मामांनी दांडा एका बाजूला पूर्ण सरकवला, माझा हात शेवटच्या गोळीपाशी ठेवला आणि म्हणाले, "आता." जोर तेवढाच लावला. हँडल सहज पुढे गेलं. फिजिक्सला बारावीत चांगले मार्क्स मिळवणारी मी! टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि अंतर मात्र फुकट घालवत होते.

त्या दिवशी मला आजीचा अडकित्ता आठवला. आमच्या सांगलीच्या घरी आजी जेवण झालं की सुपारी कातरत बसायची. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरायचा. पण सुपारी कशी कट्कन फुटायची. अडकित्त्याचा टेकू एका टोकाला, सुपारी टेकूला अगदी चिकटून, आणि आजीचा हात लांब दुसऱ्या टोकाला. मी लहानपणी सुपारी पात्यांच्या टोकाकडे ठेवून दोन्ही हातांनी दाबायचे, ती फुटायची नाही. आजी म्हणायची, "अगं, आत सरकव." मेकॅनिकलचं पहिलं लेक्चर मला आजीनेच दिलं होतं, मी जर्नलमध्ये लिहिलं नाही इतकंच.

नंतर मशीन डिझाइनमध्ये आम्ही याचा हिशेब शिकलो. तुम्हीही करून बघा. एम १२ चा आटा, त्यावर १०० मिलिमीटरचा दांडा आणि टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका जोर. टॉर्क झाला १० न्यूटन-मीटर. तेल न लावलेल्या आट्यासाठी टॉर्कच्या सूत्रातला गुणांक साधारण ०.२ धरतात. १० ला ०.२ गुणिले ०.०१२ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ ४,१७० न्यूटन. म्हणजे सव्वाचारशे किलो! लावायचे दहा किलो, पकड सव्वाचारशे किलोची. दांड्याने जोर वाढवला आणि आट्याच्या चढाने तो आणखी वाढवला. दहा किलोचा जोर माझ्याही हातात आहे. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाण्याच्या बादल्या चढवतोच की!

हे कळल्यावर मला फारच उत्साह आला. दांडा लांब केला की पकड वाढते, मग आणखी लांब का नको? कोपऱ्यात जी.आय. पाइपचा तुकडा पडला होता. तो हँडलवर चढवायला घेतला तेव्हा मामा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "तो दांडा एवढाच का ठेवलाय, डोकं चालव." चालवलं. दांड्याची लांबी डिझायनरने अंदाजाने ठेवलेली नसते. साधा माणूस हाताने जेवढा जोर लावेल तेवढ्यात आटा, नट, जबडा यांना धक्का पोचू नये, असा विचार त्यात असतो. पाइप लावून दांडा तिप्पट केला की टॉर्क तिप्पट होतो, पण आटा तोच राहतो. मग आटे जातात, जॉबवर खड्डे पडतात, नाहीतर व्हाइसचं कास्ट आयर्न तडकतं. म्हणजे दांडा जोर वाढवतो आणि किती वाढवायचा याची मर्यादाही घालून देतो.

काही ठिकाणी दांडा पूर्ण फिरवायला जागाच नसते. त्यासाठी एक गमतीचं हँडल मिळतं. ते वर उचललं की आतले दाते सुटतात आणि स्क्रू न हलता हँडल मोकळं मागे फिरतं. सोडलं की स्प्रिंगने दाते परत बसतात, मग पुन्हा आवळायचं. थोड्या जागेत, थोडं थोडं करत. आवळून झालं की हँडल उचलून आडवाटेला न येईल असं वळवूनही ठेवता येतं. जागा कमी म्हणून काम अडत नाही. (हॉस्टेलच्या आमच्या खोलीत तिघींची कपाटं कशी बसलीत ते पाहिलं तर हे तत्त्व लगेच पटेल.)

आटा घट्ट पकडतो, पण त्याला वेळ लागतो. रोज शंभर जॉब लावायचे आणि काढायचे असतील तर प्रत्येक वेळी चार-चार फेरे कोण फिरवणार? तिथे कॅम लीव्हर येतो. एक चकती घ्या आणि तिचं भोक मध्यापासून जरा बाजूला पाडा. त्या भोकात पिन घालून चकती फिरवली की ती एका बाजूने पुढे येते आणि दाबते. दांडा पाव फेरा फिरवला की काम झालं. लेथचा टेलस्टॉक बऱ्याच मशीनवर असाच लॉक होतो. दांड्याने आतला एक्सेंट्रिक शाफ्ट फिरतो आणि बेडखालची पट्टी वर ओढली जाते. पण मग दांडा सोडल्यावर तो आपोआप उलटा का फिरत नाही? घर्षणामुळे. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तर चकतीचा व्यास एक्सेंट्रिसिटीच्या निदान वीस पट हवा. भोक मध्यापासून दोन मिलिमीटर सरकवलं असेल तर चकती चाळीस मिलिमीटरची तरी हवी. लोभाने भोक जास्त सरकवलं तर कॅम जास्त हलेल, पण हात काढला की सुटेल. शिवाय मशीनच्या थरथरीने कॅम सैल होऊ शकतो, म्हणून जिथे फार धक्के बसतात तिथे जपून वापरतात.

हाच कॅम आपल्या सायकल स्टँडवर उभा आहे. गिअरच्या सायकलींच्या चाकाला जो क्विक रिलीजचा दांडा असतो, तो. इटलीचा सायकलपटू तुल्यो कांपान्योलो म्हणे एका शर्यतीत क्रोचे दाउने नावाच्या घाटात अडकला. त्या काळी गिअर बदलायला मागचं चाक काढून उलटं लावावं लागे. थंडीने बोटं बधिर झाली आणि चाकाचे नट काही सुटेनात, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याने क्विक रिलीज बनवलं. ही गोष्ट मला फार आवडते. बोटांत जोर उरला नव्हता, आणि त्यातूनच ही युक्ती निघाली! मात्र एक सूचना. आपल्या हॉस्टेलमधले निम्मे सायकलवाले तो दांडा नटासारखा गोल गोल फिरवून आवळतात. तसं करायचं नसतं. पलीकडचा नट हाताने बेताचा लावायचा आणि दांडा पंजाने दाबून आडवा मिटवायचा. मिटवताना तळहातावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. नाहीतर उतारावर चाक सुटेल आणि मग मराठी विभागात लेख लिहायची वेळ तुमच्यावर येईल.

तिसरा प्रकार टॉगल क्लॅम्प. हा ओळखायला सगळ्यात सोपा, कारण तो आपण रोज बघतो. बाबांच्या तीन कप्प्यांच्या जेवणाच्या डब्याला दोन्ही बाजूंना क्लिप असते ना? वर अडकवायची आणि खाली दाबायची. आधी जड जाते, मग मधे एका क्षणी फार जड जाते, आणि मग टक् असा आवाज होऊन आपोआप बसते. मग डबा पिशवीत आडवा झाला तरी आमटी सांडत नाही. तो "टक्" म्हणजे पूर्ण सिद्धांत आहे. तीन सांधे एका सरळ रेषेत आले की दाब सगळ्यात जास्त असतो. रेषा ओलांडून थोडं पलीकडे गेलं की आतल्या वस्तूचा दाबच दांड्याला आणखी मिटवतो, उघडू देत नाही. एस.टी.त उभं राहून प्रवास करताना आपण गुडघा सरळ ताठ करतो, म्हणजे मांड्या दुखत नाहीत. तसंच हे.

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा मी पार्टनरला म्हटलं, "तोच जॉब घेऊ या. तोच फ्लॅट, तीच चार भोकं. पण असं फिक्श्चर करू की कुणाला जोर लावावाच लागणार नाही." तो आपल्या तळहातावरची पांढरी रेघ बघत म्हणाला, "यावेळी व्हाइस मी धरणार नाही!" आणि आम्ही कामाला लागलो.

फिक्श्चरचा पहिला नियम थ्री-टू-वन. जॉबच्या खाली तीन टेकू, लांब बाजूला दोन पिना, आखूड बाजूला एक. या सहा जागी जॉब टेकला की त्याची जागा ठरली. क्लॅम्प त्याला फक्त तिथे दाबून ठेवतो. ड्रिलचा खालचा जोर टेकूंनी घ्यायचा, फिरवणारा जोर पिनांनी घ्यायचा. कापण्याचा सगळा भार क्लॅम्पवर टाकायचा नाही. आम्ही बाजारातून तयार टॉगल क्लॅम्प आणला आणि मोठ्या रुबाबात प्लेटवर बसवला. दाबला. टक्! आणि फ्लॅटचं दुसरं टोक वर उचललं गेलं. आम्ही दाब टेकूंच्या बाहेर दिला होता. क्लॅम्पने जॉबचीच तरफ करून टाकली होती! भोक तिरकं पडलं. सर म्हणाले, "ज्याच्या खाली आधार नाही तिथे दाबायचं नाही." जागा बदलली. मग फ्लॅटच्या जाडीत थोडा फरक आला की क्लॅम्प कधी मिटेना, कधी सैल बसे. तेव्हा टोकाचा रबरी बूट असलेला स्क्रू वरखाली करून लावायला शिकलो. आणि यावेळी फिक्श्चर टेबलला बोल्टने बांधलं. न विसरता.

या वर्षी सेकंड इयरच्या बॅचेस तो जॉब आमच्या फिक्श्चरवर करतात. परवा मी मुद्दाम बघायला गेले. माझ्याहून बारीक एक मुलगी होती. तिने फ्लॅट पिनांना टेकवला, दांडा खाली दाबला. टक्. कुणी "दे इकडे" म्हणालं नाही.

इथे लेख संपला असता तर किती छान झालं असतं. पण मधला एक भाग मी अजून सांगितलेला नाही.

ड्रिलना धार लावायचं काम मामांकडे असतं. रजिस्टरमध्ये कारण म्हणून "ड्रिल बोथट" लिहिलं गेलं होतं. दोन महिन्यांनी मामांना मेमो मिळाला. बोथट ड्रिल विद्यार्थ्यांना का दिलं, याचा खुलासा करा. हे मला त्यांनी नाही सांगितलं, स्टोअरमधल्या एका काकांकडून कळलं. त्या दोन महिन्यांत मामा मला हँडल कुठे धरायचं ते शिकवत होते. मेमोनंतरही शिकवत राहिले. फिक्श्चरच्या पिना त्यांनीच लेथवर फिनिश करून दिल्या. आणि मी वर्षभर रोज ठरवत होते, उद्या सांगू. सबमिशन झाल्यावर सांगू. ओरल झाल्यावर सांगू. इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे वाक्यं तयार होती. जीभ मात्र वळत नव्हती.

मामा या वर्षी जूनमध्ये रिटायर होतायत. हा लेख लिहायला बसले आणि तिसऱ्याच पानावर अडकले. "ड्रिल बोथट होतं असं मी बोलले" हे वाक्य छापून यायच्या आधी सरांना कळायला हवं, एवढं तरी मला समजत होतं. म्हणून गेल्या सोमवारी केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. व्हाइस सैल होता. मला माहीत होतं. मी खोटं बोलले.

सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या दिवशी मी ड्रिल बघितलं होतं. धार ठीक होती. पण तुम्ही दोघं काही बोलला नाहीत, मामांनीही खुलाशात 'यापुढे काळजी घेईन' एवढंच लिहिलं. मीही तेवढ्यावर सोडून दिलं. ते माझंही चुकलं." त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. "खोडायचं नाही. जुन्या कारणावर एक रेघ मार, खाली खरं लिही, सही कर, आजची तारीख घाल." मी लिहिलं. हात आजीसारखा थरथरत होता. मामांच्या मेमोबद्दल सर स्वतः वर पत्र देणार आहेत. मी माझंही एक पत्र त्याला जोडलंय.

मग मामांकडे गेले. ते ग्राइंडरवर होते. मी म्हटलं, "मामा, मी सरांना सांगितलं." त्यांनी ग्राइंडर बंद केला, चष्मा वर केला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "बरं केलंस. जेवलीस का?" मला एकदम रडूच आलं. ते लोखंडाच्या धुळीमुळे, असं मी बॅचला सांगितलंय. (हे मात्र शेवटचं खोटं!)

ज्युनियर मित्र-मैत्रिणींनो, माझ्या या लेखातून तुम्हाला काही घ्यायचंच असेल तर एवढं घ्या. मशीनचं बटण दाबायच्या आधी बघा, व्हाइस किंवा फिक्श्चर टेबलला बांधलंय का, जॉबच्या खाली आधार आहे का, दांडा पूर्ण सरकवून टोकाला धरलाय का. पाइपला हात लावू नका. आणि पार्टनरने "घट्ट झालं का?" असं विचारलं की खरं उत्तर द्या. "नाही" म्हणायला लाज वाटायचं काही कारण नाही. नाही म्हटल्यावर फार तर दांडा आणखी अर्धा फेरा फिरवावा लागतो.

रूममेटने हा लेख वाचून ऱ्हस्व-दीर्घाच्या एकेचाळीस चुका काढल्या. शेवटी म्हणाली, "तरफ शब्द तू एकदाही चुकवला नाहीस."